इंडियन ओपन स्नूकर स्पर्धा

इंडियन ओपन स्नूकर स्पर्धा : व्यावसायिक स्नूकर खेळाडूंच्या जागतिक मानांकनात जमेस धरली जाणारी भारतातील स्पर्धा. २०१३ ते २०१९ या काळात ती पाच वेळा भरली : नवी दिल्ली (२०१३), मुंबई (२०१५), हैदराबाद (२०१६), विशाखापटनम (२०१७) आणि कोची (२०१९). महाराष्ट्रात ती एकदाच, १० ते १४ मार्च २०१५ या पाच दिवसांत, मुंबईच्या सांताक्रूझ (पूर्व) भागातील ग्रँड हयात हॉटेलात झाली. वेल्सच्या मायकेल व्हाइटने इंग्लंडच्या रिकी वॉल्डनवर अंतिम सामन्यात ५–० अशी मात करून ती जिंकली. पाच स्पर्धा, पाच शहरे व पाच निरनिराळे विजेते, असा तिचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो. परंतु ज्या देशात हा खेळ जन्मला, त्या देशात मानांकन स्पर्धा येण्यास सुमारे १३८ वर्षे लागली आणि आल्यावर तिला एकाही शहरात दुसऱ्यांदा मुक्काम करता आला नाही, ही गोष्ट नुसत्या निकालांच्या यादीवरून उलगडत नाही. त्यासाठी खेळाचे मूळ, व्यावसायिक मानांकनाची रीत आणि मुंबईतील या खेळाची परंपरा या तिन्ही बाबी पाहाव्या लागतात.

स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी छावणीत झाला, असे सामान्यतः मानले जाते. पावसाळ्यात अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती पैजा लावून निरनिराळे खेळ चालत. नेव्हिल चेंबरलिन (१८५६–१९४४) या तरुण अधिकाऱ्याने पंधरा तांबड्या चेंडूंच्या ‘पिरॅमिड्स’ या खेळात आणखी रंगीत चेंडूंची भर घातली आणि त्यातून नवा खेळ सिद्ध झाला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलिन तो हा नव्हे, नामसाधर्म्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) ‘स्नूकर’ हा शब्द त्या काळी लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्यास थट्टेने लावीत, सोपा चेंडू चुकविणाऱ्या सहकाऱ्यास चेंबरलिनने तो लावला आणि तेच खेळाचे नाव होऊन बसले. १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. त्यानंतर काही वर्षांनी इंग्लंडचा ख्यातनाम बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्‌स (धाकटा) भारतात आला असता कलकत्त्यास त्याची व चेंबरलिनची गाठ पडली आणि नियम त्याच्याबरोबर इंग्लंडास गेले. उगमाची ही कथा चेंबरलिनने स्वतः उतारवयात, १९३८ मध्ये, पत्र लिहून प्रसिद्ध केली. म्हणजे खेळ जन्माला आल्यानंतर तिची लेखी नोंद होण्यास साठाहून अधिक वर्षे गेली, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तथापि तिला छेद देणारा दुसरा सबळ दावा पुढे आलेला नाही.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : बारा फूट लांब व सहा फूट रुंद, पाटीच्या दगडाचा तळ असलेल्या आणि लोकरी कापडाने मढविलेल्या टेबलावर पांढऱ्या चेंडूने एक तांबडा व एक रंगीत अशा क्रमाने चेंडू पॉकेटमध्ये घालावयाचे. तांबड्याचा एक गुण. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत रंगीत चेंडूंचे अनुक्रमे दोन ते सात गुण. एका डावास फ्रेम आणि न चुकता एका दमात केलेल्या गुणांस ब्रेक म्हणतात. प्रत्येक तांबड्यानंतर काळाच चेंडू घेतल्यास आणि शेवटी सर्व रंगीत चेंडू क्रमाने संपविल्यास ब्रेक १४७ गुणांचा होतो.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९२७ पासून सुरू झाली. परंतु जागतिक मानांकन यादी प्रथम १९७६ साली तयार झाली. आरंभी केवळ अजिंक्यपद स्पर्धेतील कामगिरीच तिच्यात मोजीत. १९८२ पासून अन्य स्पर्धांनाही मानांकनाचे गुण मिळू लागले आणि ‘मानांकन स्पर्धा’ ही संज्ञा रूढ झाली. या यादीवर खेळाडूचा चरितार्थ अवलंबून असतो. पहिल्या सोळांत असणाऱ्यास जागतिक अजिंक्यपदाच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो. पहिल्या चौसष्टांबाहेर पडणाऱ्यास व्यावसायिक मंडळातील आपले स्थान गमावण्याची भीती असते. २०१४ च्या जागतिक स्पर्धेनंतर या पद्धतीत मोठा पालट झाला. स्पर्धेगणिक ठरीव गुण देण्याऐवजी मागील दोन वर्षांत मिळविलेल्या बक्षिसाची रक्कमच, एका पौंडास एक गुण या हिशेबाने, मानांकनासाठी मोजली जाऊ लागली.

मुंबईची स्पर्धा ही नवी पद्धत लागू झालेल्या पहिल्याच हंगामात झाली, म्हणून तिच्या बक्षिसांचा तक्ता पाहण्यासारखा आहे. एकूण रक्कम ३,००,००० पौंड होती. विजेत्यास ५०,०००, उपविजेत्यास २५,०००, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांस प्रत्येकी १३,५००, उपउपांत्य फेरीत हरणाऱ्या चौघांस ९,०००, शेवटच्या सोळांत हरणाऱ्यांस ६,०००, बत्तिसांत ३,००० व चौसष्टांत २,००० पौंड अशी विभागणी होती. सर्वोच्च ब्रेकसाठी आणखी २,००० पौंड ठेवलेले होते. पात्रता फेरी इंग्लंडमध्येच उरकल्यामुळे तीत हरणाऱ्यास काहीच मिळत नसे. पात्र ठरून भारतात आलेल्या आणि पहिल्याच दिवशी हरलेल्या खेळाडूच्या पदरी जे दोन हजार पौंड पडत, त्यांतून विमानभाडे व मुक्कामाचा खर्च वजा जाता फारसे उरत नसे. या व्यवसायात वरच्या फळीचे वैभव दूरचित्रवाणीवर दिसते. खालच्या फळीचे अर्थशास्त्र मात्र या तक्त्यातच वाचावे लागते.

मुंबईत या खेळांची परंपरा जुनी आहे. ती वाढली जिमखान्यांत व क्लबांत. टेबल महाग, त्यास जागा मोठी लागते आणि निगा नित्य घ्यावी लागते, यामुळे दीर्घकाळ सभासदत्वाखेरीज या खेळाशी संबंध येणे कठीण होते. अपवाद होता तो ‘मार्कर’चा. गुण मांडणे, कापडावर ब्रश व इस्त्री फिरविणे, क्यूची टोके बसविणे आणि जोडीदार नसेल तेव्हा सभासदाबरोबर खेळणे ही मार्करची कामे. नवशिक्या सभासदांचे पहिले धडे बहुधा त्याच्याच हाताखाली होत. स्पर्धांच्या इतिहासात मार्करांची नावे आढळत नाहीत, ही या इतिहासाची एक उणीव समजली पाहिजे.

सागरी हवेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मुंबईपासून रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंतची हवा वर्षातील बराच काळ दमट असते. टेबलावरील लोकरी कापड बाष्प शोषून घेते. मग चेंडू जड चालतो, फिरकीचा परिणाम बदलतो आणि काठाच्या रबरावरून चेंडू कोरड्या हवेतल्यापेक्षा निराळ्या कोनात परततो. व्यावसायिक स्पर्धांत टेबलाच्या दगडी तळाखाली उष्णता देणारी यंत्रणा बसवून कापड कोरडे ठेवतात. तशा तापविलेल्या टेबलावर चेंडू झरझर चालतो. न तापविलेल्या टेबलावर घडलेल्या खेळाडूस त्याच्याशी जुळवून घेण्यास वेळ लागतो, आणि सात फ्रेमच्या सामन्यात तेवढा वेळ क्वचितच मिळतो. भारतीय खेळाडूंना व्यावसायिक स्पर्धांत आरंभी आलेल्या अपयशाची चर्चा करताना मनोबलाविषयी पुष्कळ लिहिले जाते. टेबलाविषयी त्या मानाने फार कमी लिहिले जाते.

महाराष्ट्राची पहिली कीर्ती मात्र स्नूकरमधील नव्हे, तर बिलियर्ड्समधील आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे आणि पुन्हा १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळविले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला पहिला भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स दालनास त्यांचे नाव दिलेले आहे. १९७३ ची जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा मुंबईत झाली आणि ती श्रीलंकेच्या मोहम्मद लाफीर याने जिंकली. त्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा (जन्म १९३८) यांनी १९७७, १९८१ व १९८३ असे तीनदा हे अजिंक्यपद पटकाविले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक केला. हौशी खेळाडूने हजाराची मर्यादा ओलांडण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. क्रिकेटपटूंच्या तुलनेत आपल्या खेळाची उपेक्षा होते असे वाटल्यावरून फरेरा यांनी पद्मश्री नाकारली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या प्रकरणाची त्या वेळी बरीच चर्चा झाली आणि ती निष्कारण नव्हती. १९९२ ची जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स स्पर्धाही मुंबईतच झाली व ती अहमदाबादच्या गीत सेठी यांनी इंग्लंडच्या माइक रसेलला हरवून जिंकली.

स्नूकरकडे भारतीयांचे लक्ष उशिरा वळले. १९८४ मध्ये डब्लिन येथे ओम अगरवाल यांनी जागतिक हौशी स्नूकर अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो पहिला मोठा मान होता. मुंबईचे यासीन मर्चंट यांनी १९८९ व २००१ मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकले. पुण्यात जन्मलेल्या व बंगळूरमध्ये वाढलेल्या पंकज अडवाणी यांनी २००३ मध्ये जागतिक हौशी स्नूकर अजिंक्यपद मिळविले. पुढे दोन्ही खेळांत मिळून त्यांची जागतिक अजिंक्यपदे पंचविसांहून अधिक झाली. काही काळ ते व्यावसायिक मंडळातही खेळले आणि २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्यांनी उपउपांत्य फेरी गाठली. पण इंग्लंडमधील दीर्घ मुक्काम त्यांना मानवला नाही व ते परतले. हौशी जगज्जेता असणे आणि व्यावसायिक मानांकनात टिकून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय वृत्तपत्रे त्या बहुधा एकच समजतात.

या पार्श्वभूमीवर व्यावसायिक मंडळाचे अध्यक्ष बॅरी हर्न यांच्या कारकिर्दीत (२०१०–२०२१) स्पर्धांचा विस्तार ब्रिटनबाहेर झाला आणि १४ ते १८ ऑक्टोबर २०१३ या काळात नवी दिल्ली येथे पहिली इंडियन ओपन भरली. तीत अनपेक्षित घटना घडली. मुंबईचे आदित्य मेहता (जन्म १९८५) यांनी उपांत्य सामन्यात स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला ४–३ असे हरवून अंतिम फेरी गाठली. मानांकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी कोलंबियातील काली येथे जागतिक क्रीडास्पर्धांत त्यांनी स्नूकरचे सुवर्णपदक मिळविलेले होते. अंतिम सामन्यात चीनच्या दिंग जुनहुईने त्यांना ५–० असे नमविले. हा निकाल एकतर्फी दिसतो व तसा तो होताही. पण त्या हंगामात दिंगने पाच मानांकन स्पर्धा जिंकून स्टीफन हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली, हे ध्यानात घेतले तर मेहतांच्या पराभवाचे योग्य माप घेता येते.

दिंगचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. २००५ मध्ये अठराव्या वर्षी त्याने बीजिंग येथे हेंड्रीला हरवून चायना ओपन जिंकली. त्यानंतर चीनमध्ये स्नूकरची लाट उसळली आणि २०१३–१४ च्या हंगामात त्या देशात पाच मानांकन स्पर्धा भरल्या. एका खेळाडूच्या यशामागून प्रशिक्षण केंद्रे, प्रायोजक व शहरांचे पाठबळ ही सारी आली. मेहतांच्या यशानंतर भारतात तसेच घडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०१४ मध्ये इंडियन ओपन भरलीच नाही.

ती भरली ती २०१५ च्या मार्चमध्ये, मुंबईत. पावसाळा दूर असल्याने हंगाम खेळास अनुकूल होता. अंतिम सामन्यापूर्वीच्या फेऱ्या सात फ्रेमच्या, म्हणजे आधी चार जिंकणाऱ्याच्या, आणि अंतिम सामना नऊ फ्रेमचा होता. अंतिम फेरीत एकही भारतीय नव्हता. रिकी वॉल्डनने तोवर तीन मानांकन स्पर्धा जिंकलेल्या होत्या (शांघाय २००८, वूशी २०१२ व चंगडू २०१४) आणि योगायोग असा की, तिन्ही चीनमध्ये. परदेशी हवेत व लांबच्या प्रवासानंतर जिंकण्याची सवय असलेला खेळाडू म्हणून त्याचे पारडे जड मानणे स्वाभाविक होते. व्हाइट तेव्हा तेवीस वर्षांचा होता. नवव्या वर्षीच शतकी ब्रेक केल्यामुळे बालपणापासून त्याच्याकडे सर्वांचे लक्ष लागलेले होते. मात्र मानांकन स्पर्धेचे विजेतेपद त्याला तोवर मिळालेले नव्हते. ज्याच्याविषयी लहानपणी भाकिते केली जातात, त्याच्यावर पुढे त्या भाकितांचेच ओझे पडते, आणि व्हाइट हे ओझे वर्षानुवर्षे वाहत होता. मुंबईत त्याने वॉल्डनला एकही फ्रेम मिळू दिली नाही. ५–० या फरकाने लागोपाठ दुसऱ्यांदा या स्पर्धेचा अंतिम सामना संपला. पन्नास हजार पौंडांची रक्कम नव्या पद्धतीमुळे जशीच्या तशी व्हाइटच्या मानांकनात जमा झाली. त्याला दुसरे मानांकन विजेतेपद २०१७ मध्ये जर्मनीतील पॉल हंटर क्लासिक या स्पर्धेत मिळाले.

मुंबईसारख्या शहरात ही स्पर्धा का रुजली नाही, याचे उत्तर तिच्या मांडणीतच सापडते. पंचतारांकित हॉटेलचे दालन प्रकाशयोजना, वातानुकूलन व दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणास सोयीचे असते; पण उपनगरातील पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून खेळणाऱ्या मुलास तेथे सहज शिरावेसे वाटत नाही. १९९० नंतर मुंबईत असे पार्लर अनेक झाले आणि क्लबांच्या भिंतीबाहेर हा खेळ पोहोचविण्याचे काम त्यांनी केले, या गोष्टीची दखल स्पर्धेने घ्यावयास हवी होती. शिवाय पाच दिवसांची स्पर्धा शहर सोडून गेली की मागे टेबलही राहत नाही आणि प्रशिक्षकही राहत नाही.

पुढील तीन स्पर्धांचे निकाल असे : जुलै २०१६ मध्ये हैदराबाद येथे स्कॉटलंडच्या अँथनी मॅगिलने इंग्लंडच्या कायरन विल्सनला ५–२ असे हरविले. सप्टेंबर २०१७ मध्ये विशाखापटनम येथे मॅगिल पुन्हा अंतिम फेरीत आला, परंतु चार वेळा जगज्जेता ठरलेल्या जॉन हिगिन्सने त्याच्यावर ५–१ असा विजय मिळविला. २०१८ मध्ये स्पर्धा झाली नाही. २७ फेब्रुवारी ते ३ मार्च २०१९ या काळात कोची येथे इंग्लंडच्या मॅथ्यू सेल्टने चीनच्या ल्यू हाओतियानचा ५–३ असा पराभव केला.

या निकालांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. व्हाइट, मॅगिल व सेल्ट या तिघांचेही आयुष्यातील पहिले मानांकन विजेतेपद भारतातले आहे. सेल्ट तर त्या वेळी तेहतीस वर्षांचा होता. पाचांपैकी तीन स्पर्धांत असे घडावे याला कारणे आहेत. लांबचा प्रवास व चीनमधील स्पर्धांच्या तुलनेने माफक बक्षीस यांमुळे अग्रगण्य खेळाडू पुष्कळदा येत नसत; सात फ्रेमच्या छोट्या सामन्यांत आलेल्यांनाही चूक सुधारण्यास अवसर नसे. काही समीक्षक याच कारणाने या स्पर्धेस दुय्यम लेखतात. ते मत ग्राह्य वाटत नाही. व्यावसायिक मंडळात शंभरांहून अधिक खेळाडू असताना विजेतेपदे मूठभरांच्याच घरी जातात. मधल्या फळीतील खेळाडूस एकदा तरी जिंकण्याची वाट मोकळी करून देणारी स्पर्धा त्या मंडळास हवीच असते. मात्र जिंकणारा भारतीय नसताना येथील प्रेक्षकांस या वैशिष्ट्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते, हेही तितकेच खरे.

तारखांचेही तसेच झाले. ऑक्टोबर, मार्च, जुलै, सप्टेंबर आणि अखेर फेब्रुवारी असे पाच वेळा पाच निरनिराळे महिने या स्पर्धेच्या वाट्यास आले. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात जेथे फट सापडेल तेथे ती बसविली जाई. ब्रिटनमधील स्पर्धांना ठराविक गाव व ठराविक आठवडा असतो. शेफील्डमधील क्रूसिबल नाट्यगृह तर १९७७ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे घरच बनले आहे. इंडियन ओपनला घर मिळाले नाही. कोचीनंतर ही स्पर्धा पुन्हा भरलेली नाही.

मुंबईच्या खेळाडूंची धडपड मात्र थांबली नाही. आदित्य मेहतांची व्यावसायिक कारकीर्द मानेच्या दुखण्यामुळे खंडित झाली. त्यांच्यानंतर मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा व्यावसायिक मंडळात दाखल झाला आणि २०२४ च्या इंग्लिश ओपन या मानांकन स्पर्धेत त्याने उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. ती मजल त्याला इंग्लंडमधील टेबलांवर मारावी लागली. त्या वर्षी भारतात एकही मानांकन स्पर्धा नव्हती.